काब्रियोच्या वाटेने : सॅन डिएगो ते सॅन फ्रान्सिस्को

२७ जून १५४२ रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नाविदाद बंदरातून तीन जहाजं उत्तरेकडे निघाली : ‘सान साल्वादोर’, ‘ला व्हिक्टोरिया’ आणि धाकटं ‘सान मिगेल’. मोहिमेचा प्रमुख होता हुआन रॉड्रिगेझ काब्रियो. आज ज्याला आपण कॅलिफोर्निया राज्य म्हणतो त्याचा किनारा युरोपियन माणसांनी समुद्रावरून पाहून लिहून ठेवला, तो पहिल्यांदा या सफरीत. मूळ रोजनिशी कधीच गेली. उरला आहे तो तिचा गोषवारा, सेव्हिलच्या दप्तरखान्यात. कोणत्या दिवशी कुठे नांगर टाकला, वारा कुठला होता, पाणी किती खोल लागलं, किनाऱ्यावर कोण भेटलं, अशा कोरड्या नोंदींची ती पानं आहेत. त्यांचं इंग्रजी भाषांतर गेल्या पावसाळ्यात हाती लागलं आणि मी त्यात अडकलो. ताई सॅन डिएगोला राहते. भाचा म्हणाला, “मामा, गाडी मी चालवतो. तू फक्त किनारा बघ.”

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला होता. त्याच्या तीन-चार वर्षं आधी दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज कप्तान गोव्यापासून दीवपर्यंतचा आपला किनारा निरखत, बंदरांची चित्रं काढत गेला होता. जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर त्या काळात हेच काम चालू होतं.

आणखी एक गोष्ट. गोषवाऱ्यातल्या तारखा जुन्या जुलियन पंचांगाच्या आहेत. त्यांत दहा दिवस मिळवले की आजची तारीख येते. आम्ही ऑक्टोबरात निघालो ते त्याच ऋतूत किनारा दिसावा म्हणून.

शनिवार : पॉइंट लोमा

काब्रियो स्मारकाचं फाटक सकाळी नऊला उघडतं. तिथे जाणारा रस्ता फोर्ट रोझक्रान्सच्या लष्करी दफनभूमीतून जातो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि मग एकदम उघडं टोक. डावीकडे बंदर, उजवीकडे पॅसिफिक.

काब्रियोचा पुतळा बंदराकडे पाठ करून उभा नाही, याचं मला बरं वाटलं. मूळ पुतळा आल्व्हारो द ब्री या पोर्तुगीज शिल्पकाराने १९३९ मध्ये केला. खाऱ्या वाऱ्याने तो झिजला, म्हणून १९८८ मध्ये त्याच्या जागी प्रतिकृती बसवली. शिल्पकार पोर्तुगीज, कारण काब्रियो पोर्तुगीज होता असंच कित्येक पिढ्या मानलं जात होतं. २०१५ मध्ये वेंडी क्रेमर या संशोधिकेने जुन्या साक्षींतून दाखवून दिलं की तो स्पेनमधल्या पाल्मा देल रिओचा. तरुणपणी तो मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या फौजेत लढला आणि पुढे ग्वातेमालात गबर झाला. ती श्रीमंती तिथल्या मूळ रहिवाशांना वेठीला धरून, त्यांच्या घामावर आलेली होती. या सफरीचं कौतुक करताना मी हे विसरू शकत नाही आणि विसरू इच्छितही नाही.

टोकावर उभं राहिलं की हे बंदर किती लपलेलं आहे ते कळतं. लोमाचा डोंगर उत्तरेकडून दक्षिणेकडे लांब पसरलेला. खुल्या समुद्रावरून जाणाऱ्याला नुसता डोंगरच दिसणार, पलीकडचं पाणी दिसणार नाही. आत शिरण्याची वाट फक्त दक्षिणेकडून. काब्रियो दक्षिणेकडून, किनारा धरून येत होता, म्हणून त्याला ती सापडली. २८ सप्टेंबरची नोंद सांगते की बंद आणि फार चांगलं बंदर मिळालं. त्याला ‘सान मिगेल’ नाव दिलं. अक्षांश लिहिला आहे ३४ अंश २० कला. खरा अक्षांश ३२ अंश ४० कलांच्या आसपास. म्हणजे चूक जवळजवळ १८० किलोमीटरची.

इथले मूळ रहिवासी असलेल्या कुमेयाय लोकांशी झालेली भेट मला या संपूर्ण गोषवाऱ्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो. जहाजं दिसताच बरेच जण पळाले. रात्री काही खलाशी जाळी घेऊन मासे धरायला किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर बाण आले आणि तिघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी होडी आणखी आत गेली आणि दोन लहान मुलांना घेऊन आली. मुलांना खुणा काही कळेनात, म्हणून त्यांना सदरे देऊन परत पाठवलं. त्यानंतरच्या दिवशी तीन मोठी माणसं आपणहून जहाजावर आली. त्यांनी खुणांनी सांगितलं : आत, दूरवर, तुमच्यासारखे लोक फिरत आहेत, दाढीवाले, तलवारी आणि धनुष्यं बाळगणारे. उजवा हात उगारून भाला मारल्यासारखं केलं, घोड्यावर बसल्यासारखं धावून दाखवलं आणि हेही कळवलं की ते लोक आमच्या माणसांना मारत आहेत, म्हणून आम्हाला भीती वाटते.

ते खरंच होतं. १५४० ते १५४२ या काळात कोरोनादो या स्पॅनिश सरदाराची फौज आतल्या वाळवंटी मुलुखात फिरत होती. शेकडो मैलांवरची बातमी या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. ज्या देशात आपण पहिलेच आलो असं जहाजावरच्यांना वाटत होतं, तिथल्या लोकांना ते कोण आहेत हे आधीच ठाऊक होतं.

रविवार : ‘सान साल्वादोर’

सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात ‘सान साल्वादोर’ची पूर्ण आकाराची, समुद्रात चालणारी प्रतिकृती आहे. २०११ पासून लोकांच्या डोळ्यांदेखत ती बांधत गेले आणि २०१५ मध्ये ती पाण्यात उतरली. बाहेरून देखणी दिसते. आत गेल्यावर मात्र जागा किती कमी आहे हे पाहून धसका बसतो. माणसं, बिस्किटं, पाण्याची पिंपं, दोरखंड, तोफा, सगळं यातच. पावसातही बहुतेक खलाशी उघड्यावरच झोपत असणार.

तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी भाच्याच्या हातात शिशाचा लांबट गोळा दिला. वरच्या टोकाला दोरी, खालच्या टोकाला बोट जाईल एवढा खळगा. खळग्यात चरबी भरायची आणि गोळा पाण्यात सोडायचा. दोरीवर ठरावीक अंतरावर कातड्याच्या, कापडाच्या खुणा बांधलेल्या असतात. अंधारातही हाताला लागून किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी आहे ते कळावं, म्हणून दोन्हींचा स्पर्श वेगळा. गोळा वर ओढला की चरबीला चिकटून तळाचा नमुना येतो : वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल. काहीच चिकटलं नाही तर खाली खडक, तिथे नांगर धरणार नाही. भाच्याने दोन-तीनदा गोळा तोलून पाहिला आणि म्हणाला, “म्हणजे ते समुद्राचा तळ हाताने चाचपत जात होते.” अगदी तसंच होतं ते.

अक्षांशासाठी सूर्याची किंवा ध्रुवाची उंची मोजायची, तीही डोलणाऱ्या जहाजावर. काब्रियोचे आकडे सातत्याने वर गेलेले दिसतात, कुठे एक अंश, कुठे दोन. रेखांश समुद्रावर मोजण्याचं विश्वासार्ह साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. होकायंत्र, अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ आणि जहाज किती वेगाने जातंय याचा अनुभवी डोळ्याचा अंदाज, एवढ्यावर सगळी भिस्त. असे आकडे घेऊन आज अभ्यासक त्या नोंदी खऱ्या किनाऱ्यावर बसवू पाहतात, तेव्हा वाद होणारच.

सोमवार : सान पेद्रो

आजचा दिवस रस्त्यातच गेला. लॉस एंजेलिसच्या वाहतुकीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सान पेद्रोला समुद्र गाठला तेव्हा समोर कॅटालिना बेट स्वच्छ दिसत होतं.

७ ऑक्टोबरला काब्रियो कॅटालिना आणि शेजारच्या बेटापाशी आला आणि आपल्या दोन जहाजांची नावं त्यांना दिली. कॅटालिनावर झुडपांतून पुष्कळ लोक ओरडत, नाचत बाहेर आले, खाली उतरा अशा खुणा करू लागले. बायका मात्र पळत होत्या. जहाजावरून खूण झाली की भिऊ नका. तेव्हा त्यांनी धनुष्यबाण जमिनीवर ठेवले, होडी पाण्यात लोटली आणि आठ-दहा जण जहाजापाशी आले. त्यांना मणी वगैरे देऊन खूश केलं. दुसऱ्या दिवशी जहाजं मुख्य भूमीकडे वळली. तिथे एवढा धूर होता की त्या उपसागराचं नावच ‘बाईया दे लोस फुमोस’, धुराचा उपसागर, असं लिहिलं गेलं. इथले लोक गवत मुद्दाम पेटवत असत, नवं गवत आणि बी चांगलं यावं म्हणून. हा उपसागर म्हणजे सान पेद्रो असं बरेच जण मानतात, काही जण सांता मोनिका म्हणतात. आम्ही ज्या धक्क्यावर उभे होतो तिथून धूर नाही, कंटेनर उचलणाऱ्या याऱ्यांची रांग दिसत होती.

मंगळवार : मुगू, व्हेंचुरा, कार्पिंतेरिया

मालिबूच्या पुढे हमरस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या फटीतून जातो आणि अचानक मुगूचा सुळका समोर येतो. रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराचा समुद्राकडे राहिलेला तुकडा. मी गाडी थांबवायला सांगितली.

गोषवाऱ्यात या भागातल्या गावांची एक यादी आहे. शुकू, बिस, सोपोनो, कोलोक, मुगू, अशी दोन डझन नावं ओळीने लिहिलेली. काब्रियोने स्वतः ठेवलेली नावं, म्हणजे सान मिगेल, धुराचा उपसागर, गालेराचं टोक, पुढे जवळजवळ सगळी पुसली गेली. साठ वर्षांनी सेबास्तियान विस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी याच किनाऱ्याने आला. आधीची नावं बदलू नयेत अशी व्हाइसरॉयची आज्ञा असतानाही त्याने सगळ्या किनाऱ्याचं नव्याने बारसं केलं. सॅन डिएगो, सांता बार्बरा, मॉन्टेरे ही त्याची नावं आजही आहेत. काब्रियोची राहिली नाहीत. पण त्याने लोकांना विचारून, कानाने ऐकून जे नाव लिहून घेतलं, ते मुगू अजून आहे. हमरस्त्यावरच्या हिरव्या पाटीवर आहे. मला विचाराल तर काब्रियोच्या सफरीचं खरं मोल या यादीत आहे. टोकं आणि खाड्या कुणी ना कुणी पुढे मोजल्याच असत्या. १५४२ च्या शरद ऋतूत कुठली गावं नांदती होती हे मात्र पुन्हा कुणालाच विचारता आलं नसतं.

१० ऑक्टोबरला जहाजं एका मोठ्या गावासमोर थांबली. तिथून इतक्या उत्तम होड्या आल्या, प्रत्येकीत बारा-तेरा माणसं, की गावाचं नावच ‘होड्यांचं गाव’ पडलं. ते गाव मुगूपाशी, व्हेंचुराला की आणखी पुढे रिंकनला, यावर अजून वाद आहे. इथेही लोकांनी आतल्या दाढीवाल्यांची बातमी दिली आणि काब्रियोने त्यांच्यासाठी एक पत्र लिहून दिलं, पोहोचलं तर पोहोचलं म्हणून.

चुमाश लोकांची ही होडी म्हणजे तोमोल. झाडाचं खोड कोरून केलेली नव्हे, फळ्यांची. लाकूड उत्तरेकडून वाहत आलेलं रेडवूड. ते पाचर मारून फोडायचं, फळ्या शार्कच्या खरखरीत कातड्याने घासायच्या, कडांना भोकं पाडून वनस्पतींच्या धाग्यांनी एकमेकींना शिवायच्या आणि सगळ्या फटी डांबर व पाइनचा चीक एकत्र उकळून बुजवायच्या. सगळ्या प्रकारात लोखंडाचा एक खिळा नाही.

हे डांबर कुठून येतं ते बघायला कार्पिंतेरियाच्या पुळणीवर गेलो. पुळणीच्या मागच्या बुटक्या कड्यातून ते आपोआप पाझरतं. काळं, चकाकणारं, उन्हात मऊ झालेलं. एके ठिकाणी त्याचा ओघळ वाळूवर येऊन थिजला होता. त्यात काटक्या, शिंपले, एका पक्ष्याचं पीस रुतलेलं. मी बोटाने थोडं उचललं. आधी तार सुटली, मग ते बोटाला असं बसलं की वाळूने घासून निघेना. शेवटी ताईने डब्यात दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीतलं तेल कामी आलं. १७६९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तोला या स्पॅनिश सेनाधिकाऱ्याचे सैनिक जमिनीवरून इथे आले, तेव्हा लोक होडी बांधत होते. सैनिकांनी या जागेला ‘कार्पिंतेरिया’, म्हणजे सुतारशाळा, म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

पुढे स्पॅनिश पाद्र्यांची मिशनं आली, रोगराई आली आणि तोमोल बांधणं थांबलं. पण म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या आधारावर १९७६ मध्ये ‘हेलेक’ नावाची तोमोल बांधली गेली आणि २००१ मध्ये चुमाश वल्हेकऱ्यांनी दुसऱ्या एका तोमोलमधून सांता क्रूझ बेटापर्यंतची खाडी ओलांडली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्या पाण्यात काब्रियोने त्यांना पाहिलं, त्याच पाण्यात ते पुन्हा आले.

बुधवार : सांता क्रूझ बेट

रस्त्यावरून किनारा कितीही पाहिला तरी त्याची बाजू उलटीच असते. म्हणून व्हेंचुरा बंदरातून बोट घेतली. बंदर सोडून अर्धा तास झाला आणि मागे वळून पाहिलं, तर ज्या शहरातून आलो ते डोंगराच्या पायथ्याची एक फिकट रेघ झालं होतं. मुगूचा सुळका, ज्याच्यासमोर काल मान वर करून उभा होतो, दाखवल्याशिवाय ओळखू येईना. जवळच्या टेकड्या आणि मागचे डोंगर एकमेकांत मिसळून गेले होते. या अंतरावरून कुठे नदीचं मुख आहे आणि कुठे नुसती सावली, हे सांगायची माझी छाती झाली नसती. जहाजाला खडकांपासून दूर ठेवायचं आणि तरी किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, हे किती अवघड असतं ते इथे समजलं.

बेटाजवळ पाण्यावर केल्पचे तपकिरी पट्टे तरंगत होते. तळाच्या खडकाला धरून वर येणारं हे शेवाळ, झाडाएवढं उंच. केल्प दिसलं की खाली खडक आहे हे नाविक ओळखतो. पुढच्या काळात मनिलाहून येणाऱ्या स्पॅनिश गलबतांना वाहून आलेलं केल्प दिसलं की जमीन जवळ आल्याची खात्री व्हायची. डॉल्फिनांचा मोठा कळप बराच वेळ बोटीच्या पुढे होता. बेटावर उतरल्यावर मांजराएवढा, तांबूस-करडा कोल्हा आमच्या पिशवीपर्यंत निर्धास्त आला. ही जात फक्त या बेटांवर आहे.

पश्चिमेला सांता रोझा आणि त्याच्याही पलीकडे सान मिगेल बेट. तिथे काब्रियोचं अखेरचं प्रकरण घडलं असं बहुतेक मानतात. उत्तरेकडून परत येऊन जहाजं हिवाळा काढायला २३ नोव्हेंबरला त्या बेटावर थांबली. गोषवारा म्हणतो की काब्रियो पडला आणि खांद्याजवळ हात मोडला. नंतर साक्ष देणाऱ्या एकाने वेगळं सांगितलं : नाताळच्या सुमाराला पाणी भरायला गेलेल्यांवर हल्ला झाला, त्यांच्या मदतीला काब्रियोने होडीतून उडी मारली आणि खडकावर आपटून नडगीचं हाड फुटलं. ती साक्ष घटना घडून अठराएक वर्षांनी झालेली, पण मला ती खरी वाटते. इतक्या वर्षांनी माणूस तारीख विसरेल, आपल्या कप्तानाचा कुठला अवयव मोडला ते विसरणार नाही. जखम चिघळली आणि ३ जानेवारी १५४३ रोजी तो गेला. जाण्यापूर्वी त्याने मुख्य नाविक बार्तोलोमे फेरेलो याच्याकडे सूत्रं दिली आणि जमेल तितका किनारा शोधण्याचं काम सोडू नका असं बजावलं.

त्याची कबर सापडलेली नाही. सांता रोझा बेटावर १९०१ मध्ये एक दगड मिळाला, त्यावरच्या खुणा त्याच्या नावाची आद्याक्षरं असावीत असं काहींना वाटतं.

गुरुवार : हलामा

कोपर दुमडावं तसा कॅलिफोर्नियाचा किनारा पॉइंट कन्सेप्शनला वळतो. तोपर्यंत पूर्व-पश्चिम धावणारा किनारा इथून एकदम उत्तरेकडे जातो. वळणाच्या अलीकडे उबदार, निवांत पाणी आणि वळल्याबरोबर वायव्येचा वारा थेट तोंडावर. काब्रियोला हे टोक लांबून गालेरा, म्हणजे वल्ह्यांच्या लांबट जहाजासारखं दिसलं, म्हणून त्याने त्याला गालेराचं टोक म्हटलं. ते ओलांडायला त्याला कितीतरी दिवस लागले. १८ ऑक्टोबरला तो तिथे पोहोचला, वाऱ्याने मागे रेटला, बेटांच्या आडोशाला गेला, पुन्हा आला, पुन्हा मागे फिरला.

या माघारीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जहाजं लाकूडफाटा आणि पाणी भरायला एका गावापाशी थांबली. तिथल्या लोकांनी ताज्या तारल्या आणून दिल्या, म्हणून ते ‘तारल्यांचं गाव’. या गावांची मुख्य एक म्हातारी स्त्री होती. ती जहाजावर आली आणि दोन रात्री कप्तानाच्या जहाजावरच राहिली. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. गावांची दोन डझन नावं लिहिणाऱ्याने एवढं एक नाव लिहायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

टोकावर स्वतः जाता येत नाही, ती राखीव जमीन आहे. आम्ही उत्तरेच्या हलामा पुळणीवरून पाहिलं. वारा इतका होता की भाच्याची टोपी उडाली ती गेलीच. ही जमीन २०१७ मध्ये एका निसर्गसंरक्षण संस्थेने विकत घेतली, जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी दिलेल्या १६.५ कोटी डॉलरमधून. डेंजरमंड दांपत्य एस्री या कंपनीचे संस्थापक, ज्यांच्या सॉफ्टवेअरवर आज जगभरचे नकाशे तयार होतात. चुमाश लोकांसाठी हे टोक फार पवित्र. मेलेल्याचा आत्मा इथूनच पश्चिमेकडे निघतो अशी त्यांची श्रद्धा आहे.

शुक्रवार : बिग सर आणि मॉन्टेरे

दरड कोसळून किनाऱ्याचा रस्ता मध्येच बंद होता, म्हणून आतल्या १०१ क्रमांकाच्या रस्त्याने मॉन्टेरे गाठलं आणि तिथून दक्षिणेकडे बिग सरमध्ये शिरलो. या डोंगरात हे नेहमीचंच आहे. १९३७ मध्ये रस्ता खुला झाला तेव्हापासून समुद्र आणि डोंगर मिळून तो तोडत आले आहेत.

सांता लुसियाचे हे डोंगर पाण्यातूनच सरळ वर चढतात. ११ नोव्हेंबरला जहाजं इथे आली आणि रात्री वादळाने गाठलं. एकमेकांपासून फुटली, एका जहाजाने डेकवरचं सामान समुद्रात फेकलं, आणि चार दिवसांनी ती पुन्हा भेटली. परतताना याच डोंगरांवर त्यांना बर्फ दिसलं. नोंद म्हणते की डोंगर आभाळाला भिडलेले, त्यांच्या पायाशी समुद्र आपटतोय, आणि जवळून जाताना वाटतं हे जहाजांवर कोसळतील. इतक्या कोरड्या गोषवाऱ्यात हे एवढंच वाक्य असं आहे जिथे लिहिणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. बिक्स्बीच्या पुलाजवळ खाली पाहताना ते वाक्य मी भाच्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण फोन खिशात ठेवला.

१६ नोव्हेंबरला एका मोठ्या उपसागरात ४५ वाव पाण्यात नांगर टाकला. समुद्र इतका खवळलेला की उतरायची हिंमत झाली नाही. हा उपसागर मॉन्टेरेचा असावा. विस्काइनो इथे १६ डिसेंबर १६०२ रोजी आला, ओकच्या झाडाखाली प्रार्थना केली, व्हाइसरॉय मॉन्टेरेच्या काउंटचं नाव दिलं आणि सगळ्या वाऱ्यांपासून सुरक्षित बंदर म्हणून कळवलं. त्याचे खलाशी तेव्हा स्कर्व्हीने मरत होते. पण त्या वर्णनाने नुकसान केलं. १७६९ मध्ये पोर्तोला जमिनीवरून नेमका इथे येऊन उभा राहिला आणि वर्णनातलं बंदर दिसेना म्हणून पुढे निघून गेला. उघडा, वाऱ्यावरचा उपसागर आहे हा, कुणालाही दिसेल. काब्रियोचा ‘उतरता आलं नाही’ हा एका ओळीचा शेरा विस्काइनोच्या साऱ्या स्तुतीपेक्षा जास्त खरा होता.

शनिवार : सॅन फ्रान्सिस्को

पोर्तोलाच्या त्या चुकलेल्या वाटेनेच पुढची गोष्ट घडवली. नोव्हेंबर १७६९ मध्ये त्याच्या माणसांना डोंगरावरून सॅन फ्रान्सिस्कोचा अफाट उपसागर दिसला. समुद्रावरून तो सव्वादोनशे वर्षं कुणालाच सापडला नव्हता. काब्रियो जाताना आणि येताना त्याच्या तोंडासमोरून गेला. फेरेलोही गेला, १ मार्च १५४३ च्या सुमाराला आजच्या ओरेगनच्या हद्दीजवळ पोहोचला आणि खराब झालेल्या बिस्किटांवर दिवस काढत १४ एप्रिलला नाविदादला परतला. १५९५ मध्ये सेर्मेन्यो या नाविकाचं जहाज जवळच ड्रेक्सच्या उपसागरात फुटलं. विस्काइनोलाही दिसला नाही.

मरीनच्या टेकडीवर दुपारी उभे असताना याचं कारण समोर होतं. उपसागराचं तोंड म्हणजे गोल्डन गेट, त्याची रुंदी सुमारे दीड किलोमीटर. बाहेर फॅरलॉन बेटांचे खडक, म्हणून शहाणा नाविक लांबूनच जाणार. लांबून पाहिलं तर आतली बेटं आणि पूर्वेचे डोंगर त्या फटीच्या मागे बरोबर बसतात आणि किनारा सलग दिसतो. त्यावर धुकं. आम्ही असतानाच ते आत सरकलं आणि पुलाचे खांब कमरेपर्यंत गेले.

रविवार : एंजल आयलंड

टिब्युरॉनहून फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत एंजल आयलंडच्या आयाला कोव्हमध्ये उतरलो. ५ ऑगस्ट १७७५ च्या सकाळी ‘सान कार्लोस’ जहाजाचा प्रमुख हुआन मानुएल दे आयाला याने होडी पुढे पाठवली. तिच्यावर नाविक होसे दे कान्यिसारेस. होडी परत येईना, अंधार पडला, प्रवाह उलटा. तरी आयालाने जहाज आत घातलं. मधल्या धारेत ६० वाव दोरी सोडूनही तळ लागला नाही. आत शिरलेलं हे पहिलं युरोपियन जहाज.

आयालाच्या पायात प्रवासातच चुकून पिस्तुलाची गोळी घुसली होती, त्यामुळे मोजणी कान्यिसारेसने केली. तो आठवडेच्या आठवडे होडीतून फिरला, खोली मोजत, खाड्यांच्या आत जात, उत्तरेकडे गोड्या पाण्यापर्यंत. जहाजावरचा पाद्री विसेन्ते सांता मारिया किनाऱ्यावरच्या लोकांना भेटत राहिला आणि जहाजावर आलेल्यांची नावं त्याने लिहून घेतली. हलामाच्या पुळणीवर मला जे खटकलं होतं, ते इथे कुणीतरी केलं होतं.

धक्क्यावरच्या फलकावर आजचा सागरी नकाशा लावला आहे, खोलीच्या आकड्यांनी भरलेला. भाचा बराच वेळ तो वाचत होता. “मामा, पुलाखाली खरंच साठ वावांच्या पुढे आहे,” तो म्हणाला. १८ सप्टेंबरला ‘सान कार्लोस’ बाहेर पडलं. हे एक बंदर नसून एकाच तोंडाची अनेक बंदरं आहेत, असं आयालाने कळवलं. पुढच्या वर्षी, १७७६ मध्ये, कान्यिसारेस पुन्हा आला, पहिल्या नकाशात राहून गेलेलं मोजलं आणि दुसरा, सुधारलेला नकाशा काढला.